दोरी ओढून हात दुखले, मग डोकं चाललं

१ ऑगस्टची पहाट. ६१ दिवसांची मासेमारीबंदी मध्यरात्री संपली होती. आमच्या खाडीत एकामागून एक इंजिनं सुरू होत होती, आमचं सोडून. बाबा दोरी ओढत होते, मी मोजत होते. चोविसाव्या वेळी त्यांनी खांदा धरला आणि म्हणाले, "आता तू बघ."

मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टू-स्ट्रोक इंजिनची आकृती झोपेतही काढून दाखवेन. आणि हे आख्ख्या वाडीला माहीत आहे, हाच त्या पहाटेचा खरा प्रॉब्लेम होता!

आमची होडी फायबरची, छोटी. मागच्या फळीवर ९.९ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन टांगलेलं. खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, त्यामुळे बाहेर पडायचं तर भरतीच्या पाण्यावरच. पाणी उतरलं की सकाळ गेली. दोन महिने घरात मासळीचा पैसा नव्हता, त्यात नवं जाळं उधारीवर आणलेलं. म्हणजे टेन्शन किती असेल, बघा.

मी काय केलं? चोक ओढला, परत ढकलला. थ्रॉटल वाढवला. मग दोरीवर राग काढला. दहा मिनिटांत घामाघूम. शेजारच्या होडीवरचे तांडेल काका हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरी, काय काय बघितलंस?"

"सगळं बघितलं, काका."

"सगळं नको सांगू. पहिलं काय बघितलंस ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका वेळी एकच गोष्ट

इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकलो. पण थिअरीत तिन्ही एका ओळीत असतात, होडीत मात्र त्यांचा क्रम लावावा लागतो. काकांचा क्रम साधा होता. ज्याला पाना लागत नाही, ते आधी.

म्हणून पहिल्यांदा फुकटातल्या चुका तपासल्या. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना? बंद करण्याच्या स्विचची लाल दोरी नीट अडकवलेली आहे ना? (ही क्लिप निघालेली असेल तर दिवसभर ओढा, इंजिन सुरू होणार नाही.) टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे? तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. पाइपमधला रबरी फुगा दाबला, तर तो कडक झाला. म्हणजे पेट्रोल इंजिनपर्यंत येत होतं.

दाबाचा अंदाज हातालाच येतो. दोरी हळू ओढली की मध्ये अडल्यासारखी लागते. आमची लागत होती.

मग दोन्ही प्लग काढले. काकांनी विचारलं, "ओले की कोरडे?" इतक्या वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडे ठणठणीत होते. ओले असते, तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी नाही, असा अर्थ निघाला असता. अशा वेळी प्लग पुसायचे, चोक बंद करायचा, थ्रॉटल उघडून चार-पाच वेळा दोरी ओढायची. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये.

फुग्यापर्यंत येतंय, प्लगपर्यंत नाही. मध्ये उरलं कोण? कार्बोरेटर.

खरं सांगते, त्या क्षणी कॉलेजच्या लॅबमध्ये कधी वाटलं नव्हतं इतकं भारी वाटलं. पुढच्याच मिनिटाला ते उतरलं.

मे महिन्यातली माझी चूक

कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि खाली डबा धरला. तपकिरी, चिकट काहीतरी बाहेर आलं. वास जुन्या वॉर्निशसारखा. टाकीत आदल्याच दिवशी ताजं पेट्रोल भरलं होतं, दर लिटरला २० मिली ऑइल मिसळून. म्हणून पेट्रोलवर आमचा संशयच गेला नव्हता. पण कार्बोरेटरच्या वाटीत मे महिन्यापासूनचं पेट्रोल तसंच होतं. त्यातलं जे उडून जातं ते उडून गेलं, उरलेल्याचा डिंक झाला आणि तो जेटच्या केसाएवढ्या भोकात जाऊन बसला.

होडी वर काढताना शेवटचं काम ठरलेलं असतं. गोड्या पाण्यावर इंजिन चालवायचं, पेट्रोलचा पाइप काढायचा आणि आतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. पाचेक मिनिटांचं काम. मेमध्ये ते माझ्याकडे होतं. फोन आला, मी बटण दाबून इंजिन बंद केलं आणि बोलत बोलत घरी गेले.

हे मी तिथेच बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पाना पुढे केला फक्त.

जेट काढून क्लीनरने धुतलं. मी तार शोधायला लागले तर काकांनी हात धरला. जेट पितळेचं असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर मारायचा, फुंकर घालायची, उजेडासमोर धरून बघायचं. आरपार दिसलं. सगळं जोडलं, फुगा दाबला, चोक ओढला. दुसऱ्याच दोरीला इंजिन सुरू झालं. मागून थंड पाण्याची धार पडायला लागली, म्हणजे पंपही ठीक होता.

घड्याळात आठ वाजून गेले होते. खाडीच्या तोंडाशी वाळू उघडी पडलेली. सकाळ गेली ती गेलीच. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडले, आणि दोरी मला ओढायला लावली.

हे विसरू नका

- पाण्याबाहेर इंजिन सुरू करू नका. पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरून जळतो. घरी ट्रायल घ्यायची तर पाण्याचा ड्रम वापरा.
- पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी तपासू नका. आधी पुसा, वाफ जाऊ द्या.
- इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह खाली बसतं. संशय आला तर पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेवा, दोन थर दिसतील.
- किनाऱ्यावर कुरकुरणारं इंजिन घेऊन समुद्रात जाऊ नका. तिथे ते बंद पडलं तर ढकलायला कोणी नसतं.

परवा फोनमध्ये पुढच्या २५ मेचा रिमाइंडर लावला : 'कार्बोरेटर रिकामा कर. फोन उचलू नकोस.'