संगणकावरील भेषजागार : फाईल ठेवावी कशी, शोधावी कशी?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात भेषजागाराचा उल्लेख आहे, हे वाचक वैद्यबंधूंस परिचित आहेच. प्रशस्त दिशेस, शुचि जागी असलेल्या त्या आगारात औषधे कोठे ठेवावीत, तर वस्त्रात, मृद्भांडात, फळीवर आणि खुंटीवर. सर्व द्रव्ये एकाच पोत्यात भरावीत असे शास्त्रकारांनी सांगितले नाही. आज आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत संगणक येऊन बराच काळ लोटला आहे. रुग्णपत्रके, तपासणी अहवाल, खरेदीची बिले, बॅचच्या नोंदी हे सारे त्यात साठते. तथापि बहुतेक ठिकाणी त्याचे स्वरूप त्या एका पोत्यासारखेच असते. म्हणून प्रस्तुत लेखात फाईल ठेवण्याच्या व त्वरित शोधण्याच्या सोप्या साधनांचा विचार आम्ही करणार आहोत.

एक अनुभव

बोईसर-पालघर मार्गावरील बेटेगाव येथील आमच्या चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका सायंकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एक कामगार अर्शाची तक्रार घेऊन आला. तो दीर्घ खंडानंतर आला होता. भल्लातकयुक्त कल्पाचा विचार मनात असतानाच सोबत आलेला त्याचा भाऊ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी आपण याच्या कागदावर काहीतरी खूण केली होती." नोंद आम्हीच टंकलिखित केली होती, हे आठवत होते. परंतु वीस मिनिटे शोधूनही ती संगणकात सापडली नाही. सबब त्या दिवशी भल्लातक टाळून अन्य औषध दिले. तिसऱ्या दिवशी 'न्यू फोल्डर ३' नावाच्या कप्प्यात ती फाईल मिळाली. तीत स्पष्ट लिहिले होते : "बिब्बा उतल्याचा पूर्वेतिहास. भल्लातक वर्ज्य."

अपाय झाला नाही, याचे श्रेय आमच्या संगणकाकडे नव्हे, तर त्या भावाच्या स्मरणशक्तीकडे जाते. नोंद लिहिलेली होती, जपलेली होती, आणि तरीही गरजेच्या क्षणी ती नसल्यासारखीच होती.

फाईल का सापडत नाही?

या प्रसंगानंतर आम्ही कारणांचा शोध घेतला, तेव्हा तीन हेतू हाती लागले.

पहिला हेतू नावाचा. आमच्या भागात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा अनेक प्रांतांतून आलेले कामगार राहतात. एकच नाव स्वागतकक्षात तीन प्रकारे लिहिले जाते आणि एकाच नावाचे अनेक रुग्ण असतात. द्रव्यांच्या बाबतीतही तेच. गुडूची, गुळवेल, अमृता ही एकाच वनस्पतीची नावे, हे वैद्यास कळते, संगणकास नाही. 'हरीतकी' आणि 'हरितकी' हे त्याच्या लेखी दोन भिन्न शब्द आहेत. उलट शंखपुष्पी या एका नावाखाली प्रांतोप्रांती निरनिराळ्या वनस्पती घेतल्या जातात. संदिग्ध द्रव्यांविषयी आपण जी दक्षता बाळगतो, तीच फाईलच्या नावाविषयी हवी.

दुसरा हेतू लिपीचा. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्यापैकी अनेकांनी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींतील जुन्या फाँटमध्ये मराठी मजकूर लिहिला. त्यात पडद्यावर अक्षर मराठी दिसले तरी संगणकाच्या पोटात रोमन वर्णांचेच संकेत साठविलेले असतात. अशा फाईलमध्ये आज युनिकोडातून 'भल्लातक' शोधल्यास काहीही हाती लागत नाही. आमची ती नोंद याच प्रकारची होती.

तिसरा हेतू जागेचा. पुष्कळजण प्रत्येक फाईल डेस्कटॉपवरच ठेवतात. ती डोळ्यांसमोर असली तरी सामान्यतः सी ड्राइव्हमध्येच साठते. विंडोज नव्याने बसविताना तंत्रज्ञाने सी ड्राइव्ह पुसली, की डेस्कटॉपवरील सर्व काही नाहीसे होते. याउलट डी ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फाईलींच्या मजकुराची सूची विंडोज आपण होऊन करतेच असे नाही.

प्रथम नामकरण, मग साधन

निदानाशिवाय चिकित्सा नाही, तसेच नामकरणाशिवाय शोध नाही. आम्ही पुढील नियम ठरविले आहेत.

१. फाईलच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. त्यानंतर नोंदणी क्रमांक व विषय. उदाहरणार्थ, '२०२४-०७-१५ ०४१२ अर्श'. असे केल्यास नावाच्या क्रमाने लावलेल्या फाईली आपोआप कालक्रमाने लागतात.

२. नावात तिरकी रेघ वापरू नये. विंडोज ती स्वीकारत नाही. बॅच क्रमांकात तिरकी रेघ असल्यास तिच्या जागी सर्वत्र आडवी लहान रेघ लिहावी.

३. अंक एकाच लिपीत असावेत. देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष इंग्रजी अंकांनी शोधल्यास मिळेलच अशी खात्री नसते. कळफलकावरून सहज उमटतात म्हणून आम्ही फाईलसाठी इंग्रजी अंक वापरतो. वरील उदाहरण छपाईच्या सोयीने देवनागरीत दिले आहे.

४. प्रत्येक द्रव्याचे व कल्पाचे एकच नाव व एकच शुद्धलेखन निश्चित करून त्याची यादी संगणकाजवळ भिंतीवर लावावी. कंपाउंडर बदलला तरी यादी बदलत नाही.

५. रुग्णाचे नाव फाईलच्या नावात न लिहिता नोंदणी क्रमांक लिहावा आणि नाव-क्रमांकाची सूची निराळी ठेवावी. यात शोधाची सोय आहे व गोपनीयताही.

साधने

खुंटी : रोज लागणाऱ्या वस्तू हाताशी हव्यात. विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्ये डावीकडे 'क्विक ॲक्सेस' हा विभाग असतो. हव्या त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ते तेथे टाचून ठेवता येते. डेस्कटॉपवर मूळ फाईल न ठेवता तिचा शॉर्टकट ठेवावा. शॉर्टकट चुकून पुसला गेला तरी मूळ फाईल सुरक्षित राहते. खुंट्या मात्र मोजक्याच असाव्यात; पाच-सहा फोल्डर पुरेसे होतात.

नावावरून शोध : या कामी 'एव्हरीथिंग' नावाची विनामूल्य उपयुक्तिका आम्हांस सर्वांत उपयोगी वाटली. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर सर्व फाईलींची एक मुख्य नोंदवही असते. ही उपयुक्तिका प्रत्येक फोल्डर न धुंडाळता ती नोंदवहीच वाचते. म्हणून लक्षावधी फाईलींची सूची अल्पावधीत तयार होते आणि अक्षरे टाइप करता करता उत्तर समोर येते. '०४१२ अर्श' असे दोन शब्द मध्ये जागा सोडून दिल्यास ते दोन्ही असलेल्या फाईली मिळतात. क्रम कोणताही चालतो. इंटरनेटची गरज नाही. मात्र ती मुळात नावे शोधते. नाव निरर्थक असेल तर तिचा इलाज नाही.

मजकुरावरून शोध : फाईलच्या आतील शब्द शोधण्यासाठी विंडोजची स्वतःची सूची उपयोगी पडते. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' उघडून त्यात आपले डी ड्राइव्हमधील फोल्डर समाविष्ट करावे. जुन्या फाँटमधील मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडात आणावा व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. स्कॅन केलेला कागद हे केवळ चित्र असते. छापील मराठी ओळखणारी प्रणाली उपलब्ध आहे, परंतु वैद्याच्या हस्ताक्षरापुढे तिच्यावर विसंबता येत नाही. अशा फाईलचे नाव हाच तिचा पत्ता.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. 'गुगल डेस्कटॉप' हे शोधसाधन २००४ साली आले, लोकप्रिय झाले आणि २०११ साली कंपनीने ते बंद केले. साधने येतात व जातात. नावांची शिस्त आपली असल्यास नव्या साधनातही ती तशीच कामी येते.

औषधालयांच्या दृष्टीने

आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांस लागू असलेल्या परिशिष्ट 'टी' मध्ये प्रत्येक बॅचच्या विक्रीची व वितरणाची नोंद ठेवणे आवश्यक केले आहे. प्रसंग पडल्यास ती बॅच त्वरित व संपूर्णपणे परत मागविता यावी, हा त्यामागील हेतू. 'त्वरित' आणि 'संपूर्ण' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. बॅच क्रमांक बिलात एक, गोदामाच्या वहीत दुसरा आणि वितरणाच्या फाईलमध्ये तिसऱ्या प्रकारे लिहिला असेल, तर नोंदी असूनही एकही अट पुरी होत नाही. म्हणून निर्मितीपत्रक, परीक्षण अहवाल व वितरणसूची या तीनही फाईलींच्या नावात तोच बॅच क्रमांक त्याच रूपात असावा. मग एक क्रमांक टाइप करताच तीनही एकत्र समोर येतात. किरकोळ विक्रेत्यांनीही खरेदीच्या बिलांबाबत हाच परिपाठ ठेवल्यास निर्मात्याची सूचना येताच आपल्याकडील माल वेगळा काढणे सोपे जाते.

रक्षण

जे क्षणात सापडते ते क्षणात नष्टही होऊ शकते. पावसाळ्यात वीज जाणे-येणे आपल्या भागात नित्याचे. यूपीएस ही चैन नव्हे. २०१७ सालच्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील संगणकांवरील फाईली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयेही त्यातून सुटली नाहीत. यास्तव महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून वेगळी करावी आणि आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. रुग्णांची माहिती असलेल्या डिस्कला संकेतशब्दाचे संरक्षण हवेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

हळदीचा धडा

अखेरीस एका मोठ्या प्रसंगाचे स्मरण करून देतो. व्रणरोपणासाठी हळदीच्या उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने लिखित संदर्भ सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हळदीचा तो गुण आपल्या घराघरांत ठाऊक होता, ग्रंथांतही होता. परंतु पेटंट तपासणाऱ्याला सापडेल अशा जागी व अशा भाषेत तो नव्हता. या अनुभवातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाची योजना आकारास आली. त्यात ग्रंथोक्त योगांचे वर्गीकरण करून ते इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या भाषांत शोधता येतील असे ठेवण्यात आले. राष्ट्राच्या ज्ञानभांडाराला जो नियम लागू पडला, तोच आपल्या एका संगणकालाही लागू आहे.

सर्व जुन्या फाईली एकदम सुधारण्याचा संकल्प करू नये. तो सहसा तडीस जात नाही. आजपासूनच्या फाईलींना नियमाने नाव द्यावे आणि जुना रुग्ण येईल तेव्हा त्याची फाईल सुधारावी. वर्ज्य द्रव्यांच्या नोंदी असलेली पत्रके मात्र प्रथम हाती घ्यावीत. महिन्यातून एकदा आपल्या साहाय्यकास कोणतेही तीन नोंदणी क्रमांक सांगून त्या फाईली काढावयास लावावे. प्रत्येक फाईल एका मिनिटात समोर आली, तर आपले भेषजागार व्यवस्थित आहे असे समजावे. न आल्यास दोष बहुधा यंत्रात नसून नावात असतो, असा आमचा अनुभव आहे.