अवाढव्य अमेरिकन गाड्या: जीव कशावर जडतो, किंमत कशाची वाढते?

रविवारची सकाळ. तुम्ही मुलांना घेऊन व्हिंटेज कार रॅली पाहायला गेला आहात. छोट्या, गोलमटोल गाड्यांच्या रांगेत एकच गाडी अशी उभी आहे, की तिच्यापुढे गर्दी हटत नाही. बोटीसारखी लांब, क्रोमने चमचमणारी, मागे विमानासारखे पंख. मुलगा विचारतो, ‘‘बाबा, ही केवढ्याला मिळेल?’’ आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

उत्तर सोपंही नाही. जी गाडी पाहताक्षणी आवडते, तिचीच किंमत वर्षानुवर्षं वाढते असं नाही. कुणाच्या घरी आजोबांच्या काळातली अशी गाडी शेडमध्ये उभी असेल, किंवा कुणाला हौसेपोटी एखादी घ्यावीशी वाटत असेल, तर हा फरक आधी समजून घ्या. यात लाखो रुपयेही गुंतलेले असतात आणि घराच्या आठवणीही.

पूर्ण आकाराची म्हणजे केवढी?

आपल्याकडे करात सवलत मिळावी म्हणून छोट्या गाड्यांची लांबी ४ मीटरच्या आत ठेवतात. १९५९ ची कॅडिलॅक जवळपास ५.७ मीटर लांब आणि दोन टनांहून जड होती. बॉनेटखाली ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. एका लिटरमध्ये चार-पाच किलोमीटर गेली तरी खूप झालं.

कॅडिलॅक श्रीमंतांची होती, पण तिथे शेवरले, फोर्ड, प्लिमथ अशा रोजच्या वापरातल्या गाड्याही थोड्याफार एवढ्याच मोठ्या असत. पेट्रोल स्वस्त होतं, रस्ते रुंद होते. पुढची सीट सोफ्यासारखी सलग असे. पुढे तिघं, मागे तिघं बसून अख्खं कुटुंब सुट्टीला निघे.

म्हणजे आज आपल्याला राजेशाही वाटणाऱ्या यातल्या बऱ्याच गाड्या तिथल्या मध्यमवर्गाच्या घरगुती गाड्या होत्या आणि त्या लाखांनी बनल्या. संग्राहकांच्या बाजारात पहिला प्रश्न येतो तो इथेच: तुम्ही पाहताय ती गाडी लाखांतली एक आहे, की मोजक्यांतली?

पंखांची राणी: कॅडिलॅक १९५९

गाडीला पंख लावण्याची कल्पना जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल यांच्या काळातली. लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ती सुचली आणि १९४८ च्या कॅडिलॅकवर पहिले छोटे पंख आले. १९५९ मध्ये त्यांनी कळस गाठला. उंच टोकदार पंख आणि त्यांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लाल दिवे. पुढच्याच वर्षीपासून पंख खाली येऊ लागले.

त्या वर्षी कॅडिलॅकने सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या बनवल्या. त्यांतल्या एल्डोराडो बियारिट्झ या उघड्या टपाच्या गाड्या फक्त १,३२० होत्या. साध्या सीरिज ६२ मधल्या उघड्या टपाच्या गाड्या ११ हजारांहून जास्त. दुरून पाहिलं तर सामान्य माणसाला दोन्ही सारख्याच दिसतील. लिलावात मात्र बियारिट्झ कितीतरी पुढे जाते.

तुमचं मन फक्त पंखांवर जडलं असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच वर्षीच्या चार दरवाजांच्या, बंद टपाच्या कॅडिलॅकलाही तेवढेच उंच पंख आहेत आणि ती कितीतरी कमी किमतीत मिळते.

विक्रीत हरली, मनांत जिंकली: बेल एअर १९५७

१९५७ च्या मॉडेल्समध्ये फोर्डने शेवरलेपेक्षा जास्त गाड्या बनवल्या. तरी आज त्या दशकाचं चित्र काढायला सांगितलं तर बहुतेक जण शेवरले बेल एअरच काढतील. तिचं प्रमाण नेटकं आहे, सुटे भाग सहज मिळतात, नवीन बनवलेले पत्रेसुद्धा मिळतात. सुट्या भागांची ही सोय संग्राहकाच्या दृष्टीने फार मोठी. दुर्मीळ गाडीची एक काच फुटली तर वर्षभर शोधत बसावं लागतं. बेल एअरची काच कॅटलॉगमधून मागवता येते.

दरवाजांचं गणितही इथेच शिकून घ्या. १९५७ मध्ये चार दरवाजांच्या बेल एअर सेडान अडीच लाखांहून जास्त बनल्या, उघड्या टपाच्या सुमारे ४७ हजार. साधारण नियम असा, की सर्वात महाग उघड्या टपाची, मग दोन दरवाजांची, शेवटी चार दरवाजांची. कुटुंबाला बसायला सर्वात सोयीची गाडीच बाजारात सर्वात स्वस्त पडते!

नाव एक, भाव अनेक: इम्पाला

आपल्याकडे ‘इम्पाला’ हा शब्दच एकेकाळी श्रीमंतीचा पर्याय होता. हिंदी सिनेमातला शेठ इम्पालातून उतरायचा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, पण तो १९५४ मध्ये बंद झाला. इम्पाला आली १९५८ मध्ये. त्यामुळे ती इथल्या रस्त्यांवर आली ती बाहेरून, भरपूर कर भरून. तिचा रुबाब इथे वाढला तो त्यामुळेच.

अमेरिकेत तिची गोष्ट वेगळी. १९६५ या एका वर्षात इम्पाला दहा लाखांच्या वर विकल्या गेल्या. उलट १९६१ मध्ये आलेल्या इम्पाला सुपर स्पोर्ट गाड्या त्या वर्षी फक्त ४५३ बनल्या. नाव तेच, बनावट त्याच कंपनीची, पण एक घराघरांत पोहोचलेली आणि दुसरी बोटावर मोजण्याइतकी. म्हणून कुणी ‘‘जुनी इम्पाला आहे’’ असं सांगितलं, की लगेच विचारा: कोणत्या वर्षाची, किती दरवाजांची, कोणत्या इंजिनाची?

साधेपणाचा रुबाब: लिंकन कॉन्टिनेन्टल १९६१

पंख आणि क्रोमचा सोस ओसरत असताना लिंकनने वेगळीच गाडी आणली. बाजू सपाट, नक्षी जवळपास नाही आणि मागचे दरवाजे उलट्या दिशेने उघडणारे. १९६१ ते १९६७ या काळात ती चार दरवाजे असूनही उघड्या टपात मिळायची. दरवाजांचा वरचा नियम इथे मोडतो, कारण संग्राहकांना हीच चार दरवाजांची उघडी गाडी सर्वाधिक हवी असते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते १९६१ च्या कॉन्टिनेन्टलवरून खास बनवलेल्या गाडीत होते. ती गाडी आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

मात्र या गाडीच्या प्रेमात पडण्याआधी तिचा टप कसा चालतो ते पाहा. मोटारी, हायड्रॉलिक नळ्या आणि विजेच्या तारांचं ते जाळं आहे. डिकीचं झाकण उलटं उघडतं, टप घडी होऊन आत जातो. बिघडलं की दुरुस्तीला जाणकार माणूस आणि भरलेला खिसा, दोन्ही लागतात.

‘शेवटची’ म्हणून घेतलेली गाडी

१९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या गाड्यांचे दिवस फिरले. उघड्या टपाच्या गाड्यांची मागणी घटली होती, नवे सुरक्षानियम येण्याची धास्तीही होती. १९७६ मध्ये कॅडिलॅकने जाहीर केलं, की ही एल्डोराडो म्हणजे अमेरिकेतली शेवटची उघड्या टपाची गाडी. ८.२ लिटरचं इंजिन असलेल्या या १४ हजार गाड्या बनल्या. शेवटच्या २०० तर एकसारख्या पांढऱ्या. लोकांनी जास्तीचे पैसे मोजून त्या घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या. पुढे सोनं होणार, ही खात्री!

१९८४ च्या मॉडेल्समध्ये कॅडिलॅकने उघड्या टपाची एल्डोराडो पुन्हा आणली. चिडलेल्या काही ग्राहकांनी कोर्टात धाव घेतली. यातून धडा एवढाच, की सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ राहत नाही.

झाकून ठेवलं म्हणजे जपलं असं नाही

दुसरी गोष्ट ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराची. १९५७ मध्ये तिथे एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्वेडेअर काँक्रीटच्या तळघरात पुरली गेली, पन्नास वर्षांनी बाहेर काढण्यासाठी. २००७ मध्ये हजारोंच्या समोर ती उघडली गेली, तेव्हा तळघरात पाणी शिरलेलं होतं आणि गाडी गंजून चिखलाच्या रंगाची झाली होती. इंजिन सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्या पावसाळ्यात हे वेगाने घडतं. प्लास्टिकच्या ताडपत्रीत घट्ट बांधलेली गाडी आतल्या आत घामेजते. जमीन ओली असेल तर गंज खालून चढतो. हवा खेळेल असं सुती कव्हर, कोरडी फरशी आणि महिन्यातून एखादी फेरी, एवढं केलं तरी गाडीचं आयुष्य वाढतं.

तुमच्या घरच्या गाडीचं काय?

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जात. त्यामुळे देशात अनेक घरांत आजही एखादी अशी गाडी कोपऱ्यात उभी सापडते. भंगारवाल्याला देण्याआधी किंवा लाखो खर्चून नवी करण्याआधी एवढं करा:

• चासीचा आणि इंजिनाचा नंबर कागदपत्रांशी ताडून पाहा. मूळ इंजिन असलेल्या गाडीला जास्त मान मिळतो. अनेक गाड्यांत पेट्रोल वाचवण्यासाठी डिझेल इंजिन बसवलेलं असतं.

• मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता आहे.

• आधी तळ पाहा, मग रंग. इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेली चासी बदलणं सर्वात खर्चिक.

• क्रोमचे तुकडे, काचा, दिवे, बिल्ले एकूण एक जपा. हरवलेला बिल्ला शोधायला कधीकधी इंजिनापेक्षा जास्त वेळ लागतो.

• जुनी बिलं, फोटो, आजोबांच्या नावाचं आरसी बुक एका फायलीत ठेवा. गाडीचा इतिहास हीसुद्धा तिची किंमत असते.

आपल्या देशात ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम आहेत. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये ठरवलं होतं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. आरटीओत चौकशी करूनच पुढचं पाऊल टाका.

एक सावधगिरी

‘‘जुनं लोखंड मजबूत,’’ असं आपण सहज म्हणतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेवरले मॅलिबू समोरासमोर धडकवली. जुन्या गाडीचा पुढचा भाग आत घुसला, स्टिअरिंग चालकाच्या पुतळ्यावर आलं. प्रत्यक्षात माणूस वाचला नसता. नव्या गाडीतल्याला पायाला दुखापत झाली असती. म्हणून अशा गाडीत मुलांना बसवलंत तर रिकाम्या रस्त्यावर, सकाळच्या वेळी, हळू.

मग घ्यायची कोणती?

पैसा वाढावा हाच हेतू असेल तर जी कमी बनली, मूळ रूपात आहे आणि जिचे कागद चोख आहेत, तीच घ्या. ती महाग पडेल आणि चालवताना भीतीही वाटेल. घरच्यांनी मिळून आनंद घ्यावा असा हेतू असेल तर चार दरवाजांची, भरपूर बनलेली, सुटे भाग मिळणारी गाडी बरी. तिच्यावर ओरखडा पडला तरी झोप उडत नाही.

आणि आजोबांची गाडी शेडमध्ये असेल तर या रविवारी तिचं कव्हर काढा. मुलाला हातात चुंबक द्या, आजीला शेजारी खुर्चीवर बसवा. ही गाडी कुणी, कधी आणि का घेतली, ते तिलाच विचारा आणि ऐकून वहीत लिहून ठेवा. त्या फायलीतला पहिला कागद तोच असू दे.