वरणभातातलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड

फर्दापूरच्या टी पॉइंटवर बसमध्ये बसायचं, अजिंठ्याच्या लेण्यांपाशी उतरायचं आणि मग पायऱ्याच पायऱ्या! वर पोचेपर्यंत धाप लागते की नाही? ती धाप फार कामाची असते बरं का. पायांचे स्नायू राबले की कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. तो रक्तात विरघळला की रक्त आम्लाकडे झुकतं. दोन-चार जोराचे श्वास सोडले की तो बाहेर!

पण सगळीच आम्लं अशी उडून जात नाहीत. डाळीतल्या, अंड्यातल्या प्रथिनांत गंधक असतं. त्यापासून शरीरात चक्क सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनतं. घाबरू नका, अगदी थोडं. रक्तातलं बायकार्बोनेट त्याला लगेच गप्प करतं, पण त्यात स्वतः खर्ची पडतं. रक्ताचा पीएच तर 7.35 ते 7.45 एवढ्यातच राहायला हवा. मग हा खर्च भरून कोण काढतं?

मूत्रपिंडं! एकेकात सुमारे 10 लाख गाळण्या आणि प्रत्येक गाळणीला एक बारीक, नागमोडी नळी. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळतात, म्हणजे पाण्याचे 20 लिटरवाले 9 जार! लघवी होते फक्त दीड-दोन लिटर. बाकी सगळं नळ्या रक्तात परत पाठवतात. नळीचा सुरुवातीचा भाग बायकार्बोनेट वाचवतो, शेवटचा भाग आम्ल लघवीत ढकलतो.

काही मुलांत हे काम जन्मापासूनच बिघडलेलं असतं. गाळणी ठणठणीत, नळी मात्र आजारी! डॉक्टर याला रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस म्हणतात. नळीचा शेवटचा भाग बिघडला तर आम्ल रक्तातच साचतं. ते शमवायला हाडं झिजतात, त्यांतलं कॅल्शियम मूत्रपिंडात साठून खडे होतात आणि मुलाची उंची वाढेनाशी होते. गंमत म्हणजे आम्ल ढकलणारा तोच पंप आतल्या कानातही असतो. म्हणून यातल्या काही मुलांना कमी ऐकू येतं. मूत्रपिंडाचा आजार आणि तपासायचे कान!

औषध मात्र साधं. सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, नाहीतर सायट्रेटचं पातळ औषध. वेळेवर सुरू झालं की मुलं पुन्हा वाढीला लागतात. पण त्याची मात्रा डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यातला सोडा आपल्या मनाने खाऊन बघू नका. तो जास्त झाला तर रक्त उलट्या बाजूला झुकतं, आणि तेही तितकंच वाईट.