बार्शीकडील वर्षासनांचे कागद व साठ वर्षांची मर्यादा

जुन्या दप्तरांत वर्षासन, रोजिना, नेमणूक अथवा इनाम या सदरांखालीं येणारे कागद संग्राहक बहुधा बाजूस ठेवतात. मायना ठरीव, मजकूर तोच तो, रक्कम लहान. त्यांत लढाईची बातमी नाहीं कीं मुत्सद्द्यांचें खलबत नाहीं. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. राज्याच्या खजिन्यांतून कोणास काय द्यावें, किती पिढ्या द्यावें आणि एकदां दिलेलें परत घ्यावें कीं काय, या प्रश्नांवर एकोणिसाव्या शतकांत जो मोठा वाद झाला, त्याचे साक्षीदार हेच कागद होत. बार्शीच्या बाजूचे असे कागद कसे वाचावे व कोठें शोधावे हें सांगण्यापूर्वी त्या वादाची हकीकत थोडक्यांत देतों.

ता. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं सातारा मुक्कामीं एल्फिन्स्टनसाहेबांनीं जो जाहीरनामा काढला, त्यांत वतनें, इनामें, चालत आलेलीं वर्षासनें आणि धर्मादाय संस्था यांचें संरक्षण होईल असें अभिवचन होतें. राज्य गेलें तरी पोटास मिळेल, असा त्याचा अर्थ लोकांनीं घेतला व तो चुकीचा नव्हता. परंतु ‘चालत आलेलें’ म्हणजे किती वर्षें चालत आलेलें, हें जाहीरनाम्यांत लिहिलेलें नव्हतें. पुढील सर्व तंटा या एका मोकळ्या जागेंतून निघाला.

मुंबई इलाख्याचा जमाखर्च जुळेना, तेव्हां सरकारची दृष्टि या नेमणुकांकडे वळली. दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, सारामाफीचा प्रत्येक बिघा व खजिन्यांतील प्रत्येक वर्षासन हें अखेर रयतेच्या सार्‍यांतून जातें. रयत उन्हांत राबते आणि खोट्या किंवा शंकास्पद सनदेवर दुसरा बसून खातो, हें न्यायाचें नव्हे. या पक्षांत केवळ कठोर माणसें होतीं असें समजूं नये. इंदापुराकडील पाहणींत, विंगेटसाहेबांबरोबर, रयतेवरील सार्‍याचा बोजा कमी करणारे गोल्डस्मिडसाहेबच १८४३ च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रांतील इनाम-चौकशीच्या आरंभीं दिसतात. दुसर्‍या पक्षाचें म्हणणें असें कीं, राज्यकर्ता बदलला म्हणून आधींच्या राज्यकर्त्याचा शब्द बुडत नाहीं. ज्यानें वसूल घेतला त्यानें देणेंही पत्करलें पाहिजे.

१८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनला कायद्याचें बळ मिळालें. या कायद्याच्या नियमांतील एक कलम आमच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इंग्रजी अंमल बसण्यापूर्वी साठ वर्षें अखंड भोगवटा असून, अंमल बसते वेळीं जमीन मूळ इनामदाराच्या नातवाच्या किंवा त्याच्या पुरुषवंशजाच्या ताब्यांत असली, तर ती त्या वेळच्या भोगवटादाराचा पुरुषवंश असेपर्यंत चालवावी. भोगवटा याहून थोडका असला तर हक्कही त्या मानानें आंखूड.

आतां हिशेब करून पाहावा. १८१८ मधून साठ वर्षें वजा केलीं म्हणजे १७५८ हें साल येतें. शके १६८०, शुहूर सन तिसा खमसैन मया व अलफ. म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या दोनतीन वर्षांत झालेलें दान, आणि थोरल्या माधवरावांपासून पुढचें प्रत्येक दान, या मर्यादेच्या अलीकडे पडलें. शाई तीच, शिक्के त्याच घराण्याचे, घेणार्‍याची योग्यताही तीच; परंतु एकाच्या नातवास अन्न आणि दुसर्‍याच्या नातवास अर्ज, असा भेद एका सालाच्या अंतरानें झाला. यास्तव बार्शीकडील एखादी इनाम-सनद हातीं आली तर प्रथम तिचें साल पाहावें, आणि लगोलग ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ हे शब्द आहेत कीं ‘तहहयात’ आहे हें पाहावें. कुटुंबाचें पुढील भवितव्य या दोन जागीं लिहिलेलें असतें.

देवस्थानांची गोष्ट निराळी. देवालय, मशीद किंवा तत्सम कायम स्वरूपाच्या संस्थेकडील जमिनी कायम चालवाव्या, असा स्वतंत्र नियम होता. म्हणून बार्शीच्या श्रीभगवंतासारख्या देवस्थानाच्या पूजाअर्चेचा कागद व त्याच पेठेंतील एखाद्या वैदिकाच्या जातीच्या इनामाचा कागद एका रुमालांत आढळले तरी त्यांचा निवाडा एका नियमानें झाला नसणार. देव मरत नाहीं, म्हणून त्याचा वारस शोधावा लागला नाहीं.

या व्यवस्थेवर मोठा आक्षेप होता तो न्यायाच्या रीतीवर. कमिशनचा निवाडा दिवाणी कोर्टांत नेतां येत नसे. अपील करावयाचें तें सरकारकडेच. वादी सरकार, न्यायाधीश सरकार, आणि पुरावा देण्याचें ओझें मात्र इनामदारावर. वृत्तपत्रकार रॉबर्ट नाइट यांनीं १८५९ मध्यें या कमिशनवर सडकून टीका करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. थोरांच्या तनख्यांतही हाच प्रश्न उभा राहिला होता. दुसरे बाजीराव २८ जानेवारी १८५१ रोजीं वारल्यावर त्यांचा आठ लक्षांचा सालीना तनखा बंद झाला. बाजीरावांस तेहतीस वर्षांत अडीच कोटींहून अधिक मिळाले व मागें अठ्ठावीस लक्षांची मालमत्ता राहिली, तेव्हां कुटुंबाचा कांहीं हक्क उरत नाहीं, असें डलहौसीसाहेबांनीं लिहिलें. नानासाहेबांची बाजू अशी कीं, तनखा हा सोडलेल्या राज्याचा मोबदला होता, भीक नव्हे.

सत्तावन सालानंतर सरकारनें धोरण सौम्य केलें. १८६३ च्या मुंबईच्या दुसर्‍या कायद्यानें दक्षिणेंत, सनदेची कसोशीनें तपासणी करून घेण्याऐवजीं, आकाराच्या रुपयामागें चार आणे जुडी व एक आणा नजराणा देऊन इनाम कायम करून घेण्याची सवड मिळाली. मात्र १८७१ च्या २३ व्या पेन्शन कायद्यानें, कलेक्टराच्या दाखल्यावांचून असल्या नेमणुकांचा दावा दिवाणी कोर्टानें घेऊं नये असें ठरलें. सरकारी देणगी ही मेहेरबानी होय, हाच त्यांतील मूळ विचार.

आतां शोध कोठें करावा तें सांगतों. बार्शी प्रथम अहमदनगर जिल्ह्यांत होती. १८३८ मध्यें सोलापूर वेगळें झालें, १८६४ मध्यें तें मोडलें व पुढें कांहीं वर्षांनीं पुन्हां उभारलें. यामुळें एकाच घराण्याचे कागद नगर व सोलापूर या दोन्ही दप्तरांत विखुरलेले असूं शकतात. तिसरें ठिकाण पुण्याचें पेशवे दप्तर. तेथें पेशव्यांच्या सरकारी कागदांखेरीज इनाम-चौकशीसाठीं जमविलेले कागदही आहेत. ज्या चौकशीनें अनेकांचें अन्न गेलें, तिनेंच आमचीं साधनें राखलीं, हा योगायोग विसरतां येत नाहीं. चौथी गोष्ट, बार्शीची सीमा निजामच्या मुलखास लागून होती. परांडें किंवा धाराशिवाकडील गांवीं ज्यांचें इनाम असे, त्यांचा निवाडा हैदराबादच्या अतियात खात्याकडे झाला व त्याचा मुंतखब फारसी-उर्दूंत असावयाचा. तो वाचतां येत नाहीं म्हणून टाकूं नये.

खासगी इनामें १९५३ सालीं मुंबई सरकारच्या कायद्यानें संपलीं. देवस्थानें त्यांतून वगळलीं गेलीं. प्रश्न मात्र संपला नाहीं. १७ डिसेंबर १९८२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नकारा यांच्या खटल्यांत निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे असें म्हटलें, आणि ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून निवृत्तांचे दोन वर्ग पाडणें अन्यायाचें ठरविलें. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरींत आलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन नाहीं, यावरून मार्च २०२३ मध्यें सरकारी नोकरांनीं संप केला. खजिन्याच्या भाराचें व दिलेल्या शब्दाचें तेंच जुनें प्रतिपादन तेव्हांही दोन्हीं बाजूंनीं ऐकूं आलें. खजिना अमर्याद नसतो हें खरें, म्हणून मर्यादा कोठें तरी घालावीच लागते. परंतु ती घालणारानें तिच्या पलीकडे व अलीकडे उभ्या असलेल्या माणसांत खरोखर कांहीं अंतर आहे काय, हें आधीं दाखविलें पाहिजे. १७५८ ची मर्यादा घालणारांनीं तें दाखविलें नाहीं.

बार्शी, वैराग, पानगांव या बाजूस ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील, त्यांनीं सनद, वहिवाटीचे उतारे, कैफियत व निवाडा हे कागद एकमेकांपासून वेगळे होऊं देऊं नयेत. सुट्या सनदेवरून केवळ दान कळतें. निवाडा सोबत असला म्हणजे न्याय झाला कीं नाहीं तेंही कळतें.