हौशी स्कूबा डायव्हिंगमधील हेलियमयुक्त वायुमिश्रणे : गरज आणि मर्यादा

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याचा हेलियमशी असलेला संबंध जुना आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून पूर्वेकडे गुंटूर व मच्छलीपट्टणपर्यंत गेली. विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ या चौथऱ्यांशी त्या निरीक्षणाची आठवण जोडली जाते. स्थानिक परंपरेत त्यासंदर्भात नॉर्मन लॉकियर यांचे नाव घेतले जाते; तथापि लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचे निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केले होते. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडला.

त्याच किनाऱ्यावर तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणारे अनेक जण मालवणच्या समुद्रात पहिली बुडी घेतात. हौशी पाणबुड्यांमध्ये आता हेलियमयुक्त मिश्रणांविषयी कुतूहल निर्माण झाले आहे. ही मिश्रणे कोणता प्रश्न सोडवितात व कोणता सोडवीत नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खोली आणि हवा

समुद्रात दर १० मीटर खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. ४० मीटरवर एकूण दाब ५ वातावरण होतो व हवेतील ७९ टक्के नायट्रोजनचा आंशिक दाब ३.९५ वातावरणापर्यंत पोहोचतो. या दाबाखाली नायट्रोजन मज्जासंस्थेवर गुंगीसारखा परिणाम करतो. साधारणतः ३० मीटरपासून तो जाणवू लागतो. निर्णय मंदावतात, दाबमापकावरील आकडा दिसूनही त्याचा अर्थ उशिरा लागतो. विशेष म्हणजे गुंगी आलेल्या व्यक्तीस आपण पूर्ण सावध आहोत असेच वाटत असते.

दुसरा परिणाम वायूच्या घनतेचा आहे. एक वातावरण दाबास हवेची घनता लिटरला सुमारे १.२९ ग्रॅम असते. ४० मीटरवर ती ६.४५ ग्रॅम होते. दाट वायू फुप्फुसांतून आत-बाहेर करणे कष्टाचे असते, परिणामी शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने धाप व घबराट उत्पन्न होते आणि गुंगीही वाढते. अँथनी व मिचेल यांनी २०१६ मध्ये घनता शक्यतो लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी व ६.२ ग्रॅम ही मर्यादा ओलांडू नये, अशी शिफारस केली. हवेच्या बाबतीत या मर्यादा अनुक्रमे सुमारे ३१ व ३९ मीटरवर येतात. हौशी डायव्हिंगची ४० मीटरची कमाल मर्यादा बरीच जुनी असून ही आकडेवारी तिला पुष्टीच देते.

हेलियमचे कार्य

हेलियम मेदात फारच अल्प विरघळतो, म्हणून त्याची गुंगी जवळजवळ येत नाही. शिवाय तो अत्यंत हलका आहे. एलिहू थॉमसन यांनी १९१९ मध्ये त्याचा उपयोग सुचविला. १९३७ मध्ये मॅक्स नोल यांनी मिशिगन सरोवरात हेलियम-ऑक्सिजन मिश्रणावर ४२० फूट खोली गाठली. खनिज तेल क्षेत्रात खोल पाण्यात काम करणारे व्यावसायिक पाणबुडेही अशीच मिश्रणे वापरतात.

हौशी वापरात ऑक्सिजन, हेलियम व नायट्रोजन यांचे ट्रायमिक्स प्रचलित आहे. उदाहरणार्थ, २१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम व ४४ टक्के नायट्रोजन असे मिश्रण ४५ मीटरवर वापरले, तर नायट्रोजनचा आंशिक दाब २.४२ वातावरण राहतो. हवेवर हा दाब सुमारे २१ मीटरवरच येतो. ऑक्सिजनही गुंगीकारक मानला, तरी ही समतुल्य खोली सुमारे २६ मीटर ठरते. त्याच ठिकाणी हवेची घनता लिटरला ७.१ ग्रॅम, तर मिश्रणाची सुमारे ५ ग्रॅम असते. म्हणूनच ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स ही प्रशिक्षण संस्था ३० मीटरपलीकडे हेलियमचा आग्रह धरते; अन्य संस्था ४० मीटरपर्यंत हवा वा नायट्रॉक्स मान्य करतात.

मर्यादा व धोके

हेलियममुळे डिकंप्रेशनची गरज टळत नाही. तोही ऊतींमध्ये विरघळतो आणि पाणबुडा घाईने वर आल्यास त्याचेही बुडबुडे होतात. म्हणून वर येण्याचे वेळापत्रक त्या मिश्रणाप्रमाणेच आखावे लागते. उथळ पाण्यात अधिक वेळ थांबण्यासाठी नायट्रोजन कमी व ऑक्सिजन अधिक असलेले नायट्रॉक्सच उपयुक्त असते.

अधिक खोलीसाठी बनविलेल्या काही मिश्रणांत ऑक्सिजन केवळ १० टक्के असतो. असे मिश्रण पृष्ठभागावर श्वासात घेतल्यास शुद्ध हरपते. उलट ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ वातावरणाच्या वर गेल्यास झटके येण्याचा धोका वाढतो. यास्तव प्रत्येक टाकीतील ऑक्सिजन व हेलियम स्वतः मोजणे आणि कमाल खोली टाकीवर लिहिणे अत्यावश्यक आहे. हेलियमची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सहापट असल्याने तो कोरड्या पोशाखात भरत नाहीत. त्यातच भारत हेलियमसाठी जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून असल्याने खर्चही मोठा येतो.

कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या काही मीटर खोलीच्या बुडीत हेलियमचे काहीही प्रयोजन नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेस, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेची गोष्ट वेगळी आहे. या बुडित पठाराचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर असून तेथे प्रवाळ आहे, आणि कडेला समुद्र खोल होत जातो. माथ्यावर नायट्रॉक्स पुरेसे ठरते; उतारावर ४० मीटरपलीकडे जाणाऱ्यास ट्रायमिक्स लागेल. मात्र त्याबरोबरच राखीव वायू, प्रशिक्षित जोडीदार, बोटीवर ऑक्सिजन व उच्चदाब उपचारकक्षापर्यंत पोहोचण्याची योजना लागेल. कारण तेथून किनाराच काही तासांच्या अंतरावर आहे.

निष्कर्ष

हेलियम पाणबुड्याची बुद्धी ताळ्यावर ठेवतो व श्वास हलका करतो. मात्र खोलीचे इतर धोके तो कमी करीत नाही. गुंगी नसल्याने खोलीचे भय वाटेनासे होते आणि अपुऱ्या प्रशिक्षणाच्या व्यक्तीस तेच घातक ठरू शकते. म्हणून आधी बुडीचे प्रयोजन व खोली ठरवावी आणि त्यानुसार वायू निवडावा. हाती हेलियम आहे म्हणून खोली वाढविणे सर्वथा अयोग्य होय.