शब्दाचे वजन : आडवाटेने आलेल्या एका संशोधिकेचे उदाहरण

पदव्युत्तर अध्ययन भाषाशास्त्राचे आणि उपजीविका डिजिटल सल्लागाराची, हा प्रकार आता विरळ राहिलेला नाही. संस्थेचे दप्तर, ग्रंथसूची अथवा संकेतस्थळ शोधण्यास सुलभ कसे करावे, याविषयी असा सल्लागार मत देतो. त्याच्यासंबंधी एक शंका नेहमी घेतली जाते : ज्याने संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नाही, त्याने या कामात नेमकी कोणती भर घालावयाची? शंका अनाठायी नव्हे. तिचे उत्तर एका प्रत्यक्ष कार्याच्या तपशिलावरून शोधणे बरे. ते कार्य कॅरन स्पार्क जोन्स (१९३५–२००७) यांचे होय.

स्पार्क जोन्स यांनी केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात इतिहासाचा आणि अखेरच्या वर्षी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. काही काळ शाळेत शिकविले. नंतर त्या केंब्रिज येथील भाषा संशोधन केंद्रात आल्या. केंद्राच्या संस्थापिका मार्गारेट मास्टरमन या विट्गेन्स्टाइनच्या विद्यार्थिनी. यांत्रिक भाषांतरासाठी रोजेच्या पर्यायकोशाचा उपयोग कसा करता येईल, याचे प्रयोग तेथे चालू होते. (रोजे हे व्यवसायाने वैद्य, आडवाट तशी जुनीच म्हणावयाची.) अशा वातावरणात स्पार्क जोन्स यांनी १९६४ साली समानार्थता आणि अर्थविषयक वर्गीकरण या विषयावर प्रबंध पूर्ण केला.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील प्रश्न वरकरणी साधा आहे. एखादा शब्द ‘विशिष्ट’ आहे, असे आपण कशावरून म्हणतो? सूचिकारांची रूढ समजूत अशी की, विशिष्टता शब्दाच्या अर्थात असते. ‘पेय’ हा शब्द व्यापक, ‘चहा’ हा विशिष्ट. स्पार्क जोन्स यांनी ही दृष्टी बदलली. चहाविषयीच्याच लेखांचा संग्रह असेल, तर तेथे ‘चहा’ या शब्दाने काहीच वेगळे काढता येत नाही. म्हणून शोधाच्या दृष्टीने विशिष्टता ही त्या संग्रहातील वापरावरून मोजावयाची. जितक्या अधिक लेखांत शब्द आढळतो, तितके त्याचे वजन कमी.

पुढे रूढ झालेल्या स्वरूपात हे गणित असे : संग्रहातील एकूण लेखांच्या संख्येस शब्द असलेल्या लेखांच्या संख्येने भागावे आणि भागाकाराचा लॉगॅरिथम घ्यावा. संग्रहात १०२४ लेख आहेत असे समजू. ‘आहे’ हा शब्द सर्व लेखांत आढळला, तर भागाकार १ आणि वजन शून्य. ‘पाटबंधारे’ २५६ लेखांत असेल, तर भागाकार ४, आणि २ हा पाया धरता वजन २. ‘फड’ केवळ ४ लेखांत असेल, तर वजन ८. शोधयंत्रांच्या पुढील विकासात ही कल्पना पायाभूत ठरली. तिच्यातील गणित शाळकरी आहे. ती सुचण्यास मात्र, शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे कार्य यांत भेद करण्याची सवय लागते. ही सवय थेट विट्गेन्स्टाइनपासून आली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेवढा पुरावा आपणांपाशी नाही.

या वाटेचे मोलही द्यावे लागले. मुदतीच्या अनुदानांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. प्राध्यापकपद त्यांस १९९९ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर मिळाले.

आता हेच गणित मराठीस लावून पाहू. ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’, ‘पाण्यासाठी’ ही रूपे यंत्र वेगवेगळे शब्द म्हणून मोजते. परिणाम दुहेरी होतो. ‘पाणी’ असे विचारणाऱ्यास ‘पाण्याचा’ असलेला लेख मिळत नाही, हा एक. दुसरा सहजी लक्षात येत नाही : प्रत्येक रूप थोड्याच लेखांत असल्याने त्याचे वजन वाजवीपेक्षा वाढते आणि एक अत्यंत सामान्य शब्द दुर्मिळ असल्याचा आव आणतो. यावर उपाय म्हणून प्रत्यय सरसकट छाटावेत, तर ‘वाटेला’ आणि ‘वाट्याला’ ही दोन्ही रूपे ‘वाट’ या एकाच खुंटाशी येऊन पडतात. वस्तुतः एकाचे मूळ ‘वाट’, दुसऱ्याचे ‘वाटा’. सामान्यरूपाचे प्रकरण आपण वर्गात व्याकरणाचा कंटाळवाणा भाग म्हणून उरकतो. येथे शोधाचे यशापयश त्यावरच अवलंबून राहते.

तथापि सर्वच अडचणी रूपविचाराने सुटत नाहीत. समजा, जमिनीच्या कागदपत्रांची माहिती एखाद्या कार्यालयाने नियमांच्या भाषेत मांडली आहे. तेथे ‘गाव नमुना सात’ आणि ‘अधिकार अभिलेख’ हे शब्द आहेत. शेतकरी मात्र ‘सातबारा’ विचारतो. जो शब्द मजकुरात एकदाही नाही, त्याचे वजन काढावयाचे कशाचे? येथे १९७२ च्या निबंधापेक्षा १९६४ च्या प्रबंधाचा विषय, म्हणजे समानार्थता, अधिक उपयोगी पडतो. अशा वेळी सल्लागाराचे पहिले काम यंत्रावर नसते. कार्यालयाच्या खिडकीपाशी चार दिवस बसून लोक कोणत्या शब्दांनी विचारतात ते त्याने टिपून घ्यावयाचे असते, आणि मग त्या शब्दांची कार्यालयीन संज्ञांशी एकेक करून जोडणी करावयाची असते.