विमान हरवले, शेतात सापडले

कोणाची सायकल हरवली, शेळी हरवली, तर माणूस चार ठिकाणी विचारत फिरतो. परंतु जगातील सर्वात बलाढ्य म्हणवणाऱ्या अमेरिकेच्या सैन्याने, 'आमचे लढाऊ विमान हरवले आहे, कोणास ठाऊक असल्यास कळवावे', असे जनतेला सांगितल्याचे आपण कधी ऐकले होते का? सप्टेंबर २०२३ मध्ये असे खरोखर घडले. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मुलांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "काका, एवढे मोठे विमान हरवते कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन हे समुद्रकाठचे शहर आहे. १७ सप्टेंबर २०२३, रविवार. दुपारी दीडच्या सुमारास मरीन कोअर या सैन्यदलाची 'एफ-३५ बी' जातीची दोन विमाने सरावाहून परत येत होती. आकाशात गडगडाट, मुसळधार पाऊस, समोर ढगांशिवाय काही दिसेना. दोहोंपैकी एका विमानात ४७ वर्षांचा, अनेक वर्षे उडवण्याचा अनुभव असलेला वैमानिक एकटा होता. या विमानात उंची, वेग, दिशा अशी माहिती वैमानिकाला डोक्यावरच्या शिरस्त्राणाच्या काचेवरच दिसते. उतरण्याच्या बेतात असताना ती काच विझली, पुन्हा पेटली, पुन्हा विझली. पुढ्यातले पडदेही गेले. रेडिओ बंद पडला. जमीन जवळ, बाहेर पांढरा अंधार. विमान आपल्या हातात राहिले नाही असे त्याने धरले आणि खुर्चीची मूठ ओढली. खुर्चीसकट तो बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने एका वस्तीतल्या घराच्या परसात उतरला.

पुढचा प्रसंग गमतीचा वाटेल. घरमालकाने रुग्णवाहिकेसाठी फोन केला, की आमच्या घरी एक वैमानिक आला आहे. फोन घेणाऱ्या बाईंना काही उमगेना. वैमानिकाने स्वतः फोन घेऊन सांगितले, की मी विमानातून उडी घेतली आहे, विमान कोठे आहे ते मला ठाऊक नाही. जखमी माणूस खरे तेच सांगत होता, परंतु ऐकणाऱ्याला पटणार कसे?

कारण विमान पडलेच नव्हते. माणूस उतरला आणि यंत्र पुढे गेले. आतल्या स्वयंचलित व्यवस्थेने त्याला सरळ धरले. ढगांतून ते नऊ हजार फुटांवर चढले, मग हळूहळू खाली येत गेले. अकरा मिनिटांहून जास्त वेळ विमान कोणाविना उडत होते! सुमारे १०० किलोमीटर दूर, विल्यम्सबर्ग नावाच्या ग्रामीण जिल्ह्यात झाडांचे शेंडे तोडत ते शेतात आदळले. तेथे एक म्हातारे गृहस्थ न्हाणीघरात दाढी करीत होते. शिट्टी आणि किंकाळी यांच्या मधला आवाज आला, मग धडाका झाला आणि घर हादरले, असे त्यांनी नंतर वार्ताहरांना सांगितले. म्हणजे विमान कोठे पडले याची खबर खेड्यातल्या कानांना होती. सैन्याला मात्र ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडले.

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. विमानात आपला ठावठिकाणा कळवणारे एक यंत्र असते, ते बंद पडले होते. वैमानिक बाहेर पडताच शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गुप्त संदेशयंत्रणा आपोआप पुसली जाते. त्यात विमान खालून चाललेले आणि वर वादळ, म्हणून रडारवरही नीट दिसेना. मुळात हे विमान रडारला दिसू नये अशाच बेताने घडवलेले आहे. घडवणाऱ्यांनाही ते दिसले नाही, यात विमानाचा काय दोष?

हा विल्यम्सबर्ग जिल्हा त्या राज्यातील गरीब भागांपैकी एक. निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची. तेथे झाडांचे आणि पिकाचे नुकसान झाले. सुदैवाने माणूस कोणी दगावला नाही. विमानासह एकूण हानी साडेतेरा कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे आपल्या हजार कोटी रुपयांच्या वर.

चौकशीचा अहवाल ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी बाहेर आला. तो आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहिला. आम्ही कारकून माणसे. बेरीज चुकली की मेमो यंत्राला येत नाही, आम्हाला येतो. अहवाल म्हणतो, विद्युत बिघाड झाला हे खरे, परंतु विमान उडण्याजोगे होते, पर्यायी मोजयंत्रे बरोबर आकडे दाखवत होती, तेव्हा उडी घेण्याची गरज नव्हती. चूक वैमानिकाची. त्याच अहवालात पुढे हेही मान्य केले आहे, की विमान हाताबाहेर गेले असे कधी समजावे, याची पुस्तकातली व्याख्याच फार ढिली होती. त्याच्यावर शिक्षेची शिफारस नव्हती. पण दरम्यान त्याला मिळालेले एका तुकडीच्या प्रमुखाचे पद २०२४ मध्येच काढून घेतले गेले. मुख्य यंत्रे डोळ्यादेखत विझत असताना धाकट्या यंत्रावर किती भरवसा ठेवावा, हे ढगात बसलेल्या माणसाने काही सेकंदांत ठरवायचे होते. चौकशी करणाऱ्यांना त्यासाठी वर्षभर मिळाले.

याच जातीचे, परंतु ब्रिटनच्या नौदलाचे विमान आपण पाहिले आहे. १४ जून २०२५ रोजी ते तिरुवनंतपुरमला उतरले आणि २२ जुलैपर्यंत तेथेच अडकून पडले होते. आणि शेतात विमान पडणे आपल्या निफाड तालुक्याला नवे नाही. ओझरला सुखोई विमाने तयार होतात, दुरुस्तही होतात. २७ जून २०१८ रोजी वावी-ठुशी येथे एक सुखोई कोसळले. ४ जून २०२४ रोजी शिरसगावच्या शेतात दुसरे कोसळले. लोकसभेच्या मतमोजणीचा तो दिवस, त्यामुळे पुष्कळांच्या ती बातमी लक्षातही नसेल. दोन्ही वेळी दोन्ही वैमानिक वाचले.

म्हणून शेतीवाडीवर राहणाऱ्या आमच्या भगिनी-बांधवांना एवढेच सांगणे. असे काही पडले तर बघायला धावू नये. जळलेल्या सांगाड्यातून जे बारीक तंतू उडतात ते छातीत जातात. इंधन पुन्हा पेटू शकते. खुर्ची उडवणारी दारू न फुटता राहिलेली असू शकते. वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर थांबावे, ११२ ला फोन करावा. हवाई छत्रीने कोणी उतरलेला दिसला तर त्याच्या पाठीला धक्का न लावता त्याला पडून राहू द्यावे, कारण खुर्चीच्या झटक्याने मणक्याला इजा झालेली असू शकते.

अभ्यासवर्गातल्या एका पोराने विचारलेच, "काका, एखादा छोटा बोल्ट तरी आणला तर?"

नाही म्हणजे नाही.